प्रश्न मागायला शिकले, जर्मनमध्ये

जानेवारीत आमच्या गावच्या फोल्क्सहोखशूलंमधून फोन आला. फोल्क्सहोखशूलं म्हणजे मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग आणि व्याख्यानं चालवणारी लोकशाळा. 22 मार्चला जागतिक जलदिन आहे, लातूरच्या पाण्यावर बोलाल का, असं संयोजिकाबाईंनी विचारलं. 45 मिनिटं तुमची, मग अर्धा तास लोकांचे प्रश्न. मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र डोक्यात राहिला तो शेवटचा अर्धा तास.

45 मिनिटांचं काही वाटत नव्हतं. भाषण लिहून काढता येतं, कोणाकडून तपासून घेता येतं, रात्री भांडी घासताना दहादा म्हणता येतं. प्रश्नांचं तसं नसतं. ते कुठून येतील, कोणत्या बोलीत येतील, किती भरभर येतील, काही सांगता येत नाही. आणि त्याच्याही आधीची अडचण म्हणजे ते आपण मागायचे असतात. लोक समोर बसलेत, भाषण संपलंय, आता त्यांना परक्या भाषेत असं काय म्हणायचं की ते खरंच तोंड उघडतील? ही अडचण मला आधी दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा मी ती नीट पार पाडली नव्हती.

मी मूळची लातूरची. स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात राहते आणि पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनची आकडेमोड करणाऱ्या एका कचेरीत काम करते. जर्मन शिकले पुण्यात. बी-टू या वरच्या पातळीच्या तोंडी परीक्षेत एक छोटं भाषण द्यावं लागतं, जर्मनमध्ये त्याला फोर्त्राग म्हणतात. साधारण चार मिनिटं बोलायचं, मग समोरचा परीक्षार्थी आणि परीक्षक प्रश्न विचारतात. त्यासाठी आमच्या वहीत रेडेमिटेलची यादी होती. रेडेमिटेल म्हणजे तयार वाक्यं, बोलण्याची अवजारं म्हणा हवं तर. सुरुवात कशी करायची, एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर कसं जायचं, आणि सगळ्यात शेवटी 'फीलेन डांक फ्यूर ईरं आउफमेर्कझामकाइट. हाबेन झी नोख फ्रागेन?' लक्ष दिल्याबद्दल आभार. आणखी काही प्रश्न आहेत का? हे वाक्य आम्ही सगळे एका श्वासात म्हणायचो, शाळेत प्रार्थनेची शेवटची ओळ म्हणतात तसं. परीक्षेत चालून गेलं, कारण तिथं प्रश्न येणारच होते, ते परीक्षेच्या नियमातच होतं. तुमच्या वाक्यानं कोणाला प्रश्न पडतोय की नाही, हे तिथं कोणी बघत नव्हतं.

पहिली अडचण आली कचेरीत, नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात. एका गावाच्या नळजाळ्यात कुठं दाब कमी पडतो याचा हिशोब मी केला होता आणि तो सहाजणांपुढं मांडायचा होता. मांडणी चांगली झाली. शेवटी मला आपलं वाक्य आठवलं नाही, म्हणजे जर्मन आठवलं नाही, मराठी आठवलं. आपल्याकडे शिकवून झाल्यावर सर विचारतात, 'काही शंका?' तेच मी जर्मनमध्ये म्हटलं. हाबेन झी त्स्वायफेल?

खोली गप्प झाली. टेबलाच्या टोकाला बसलेल्या सगळ्यात जुन्या सहकाऱ्यानं चष्मा काढला, माझा तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "नाही, आकड्यांबद्दल आम्हाला शंका नाही." बाकीच्यांनीही माना हलवल्या. एकही प्रश्न आला नाही.

संध्याकाळी घरी येऊन शब्दकोश उघडला. आपल्या 'शंका' या शब्दाच्या पोटात दोन गोष्टी आहेत. एक, न कळलेलं विचारणं, शंकासमाधानातली शंका. दुसरी, संशय. वर्गात 'शंका' म्हटलं की पहिला अर्थ लागतो, घरात कोणी कोणावर शंका घेतली की दुसरा. जर्मन त्स्वायफेलमध्ये फक्त दुसरा आहे. म्हणजे मी सहाजणांना विचारलं होतं, माझ्या कामावर तुमचा अविश्वास आहे का? त्यांनी सभ्यपणे नाही म्हटलं. विचारण्यासारखं त्यांच्याकडे बरंच होतं, ते पुढच्या आठवड्यात एकेकानं माझ्या टेबलापाशी येऊन विचारलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. शब्द चुकल्याचं नाही, सहा माणसांच्या मनातलं त्यांच्या मनातच राहिलं याचं.

दुसऱ्या वेळी शब्द बरोबर होता, पण माणूस चुकला. कचेरीत सगळे एकमेकांना 'डू' म्हणतात, आपल्या 'तू'सारखं. अनेकांना एकदम बोलायचं तर त्याचं अनेकवचन 'ईर' येतं, आणि आदराचं 'झी' वेगळं. मराठीत 'तुम्ही' दोन्हीकडे चालतं, चार मित्रांनाही आणि एकट्या सासऱ्यांनाही, त्यामुळे आपला कान या फरकाला तयारच नसतो. मी त्याच सहाजणांना पाठ केलेलं 'हाबेन झी नोख फ्रागेन' ऐकवलं. रोज सोबत जेवणाऱ्या माणसांना एकदम 'आपणांस काही विचारावयाचे आहे काय' म्हटल्यासारखं झालं ते. 'हाप्ट ईर फ्रागेन?' एवढंच पुरलं असतं.

म्हणून या व्याख्यानासाठी मी शेजारच्या बाईंकडे गेले. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. तोंडावर मी त्यांना फ्राउ लावून आडनावानंच हाक मारते, आणि त्याही मला 'झी'च म्हणतात. मनात मात्र त्या माझ्यासाठी बाईच आहेत, शाळेतल्या बाई असतात तशा. त्यांच्या स्वयंपाकघरात एक लांब टेबल आहे. टेबलाच्या एका टोकाला मी उभी, दुसऱ्या टोकाला श्रोते म्हणून त्या, आणि आमच्यामध्ये सफरचंदांची परडी.

पहिल्या दिवशी त्यांनी मला भाषण करूच दिलं नाही. म्हणाल्या, "भाषण संपलंय असं समजा. आता मला प्रश्न विचारायला बोलवा." मी म्हटलं, हाबेन झी नोख फ्रागेन? आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. मी थांबले, हसले, 'नाही? बरं, धन्यवाद' म्हणून खाली बसले. तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. मी दोन सेकंदसुद्धा थांबले नव्हते. "तुम्ही प्रश्न विचारलात आणि उत्तरही तुम्हीच दिलंत," त्या म्हणाल्या. "माणसाला आधी स्वतःचा प्रश्न सापडावा लागतो. मग तो वाक्यात बसवावा लागतो. मग धीर करून हात वर करावा लागतो. याला दोन सेकंद पुरतात का?"

मग आम्ही गप्प राहायचा सराव केला. मी वाक्य म्हणायचं आणि घड्याळाचा काटा दहा घरं पुढं जाईपर्यंत थांबायचं. खाली बघायचं नाही, कागद गोळा करायचे नाहीत, पाण्याचा पेला उचलायचा नाही, समोरच्यांकडे पाहायचं. दहा सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. उभं राहून करून बघा. पहिल्या दिवशी मला सहा सेकंदांच्या पुढं जाता आलं नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती वाक्याची. 'हाबेन झी फ्रागेन' याला हो किंवा नाही असं उत्तर देता येतं, आणि सगळ्यांसमोर 'नाही' देणं सोपं असतं. त्या जागी 'वेल्शं फ्रागेन हाबेन झी?' म्हणायचं. तुमचे प्रश्न कोणते? प्रश्न आहेत, हे यात धरूनच चाललेलं असतं. आपल्याकडे पंगतीत वाढणारी 'आणखी हवंय का' विचारते तेव्हा पाहुणा हातानं ताट झाकतो, आणि 'भात वाढू की पोळी' विचारलं की ताट पुढं करतो, तसंच हे. बाईंना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

प्रश्न 'विचारायचा' यासाठी मी सारखं 'फ्रागेन' हेच क्रियापद वापरायचे. फ्रागं म्हणजे प्रश्न आणि फ्रागेन म्हणजे विचारणं, म्हणून मी 'आइनं फ्रागं फ्रागेन' म्हणायचे. जर्मनमध्ये प्रश्न विचारत नाहीत, ठेवतात. आइनं फ्रागं श्टेलेन. श्टेलेन म्हणजे उभं ठेवणं, टेबलावर पेला ठेवावा तसं. हे कळल्यापासून मला ते चित्रच आवडायला लागलं, माणसानं आपला प्रश्न तुमच्यापुढं आणून ठेवलाय, आता तो तिथं उभा आहे, नुसता नजरेआड करून चालणार नाही.

आणि मग 'इश फ्रॉये मिश आउफ ईरं फ्रागेन'. तुमच्या प्रश्नांची मी आनंदानं वाट पाहतेय. या वाक्यातल्या 'आउफ'वर मी दोन संध्याकाळी घालवल्या. आनंद होण्याच्या या क्रियापदाला 'आउफ' लावलं तर आनंद पुढं यायच्या गोष्टीचा असतो, 'यूबर' लावलं तर हाती आलेल्या गोष्टीचा. सण यायचाय तेव्हा आउफ, फराळाचा डबा पोचला की यूबर. मराठीत आपण दोन्हीला 'आनंद झाला' किंवा 'आनंद वाटतो' म्हणून भागवतो आणि बाकीचं संदर्भावर सोडतो. मी सवयीनं यूबर म्हणायचे आणि बाई प्रत्येक वेळी विचारायच्या, "आले का प्रश्न? अजून कुठं आलेत?"

एक गोष्ट मात्र मला सोपी गेली. 'प्रश्न असतील तर मला मध्येच थांबवा', यातलं पहिलं अर्धं वाक्य जर्मनमध्ये 'वेन झी फ्रागेन हाबेन' असं होतं. 'वेन' आलं की क्रियापद शेवटी जातं, म्हणजे शब्दशः 'जर तुम्हाला प्रश्न असतील'. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटीच असतं, त्यामुळे तिथं माझी जीभ अडखळत नाही. ज्या वाक्यरचनेला माझ्या वर्गातले लोक घाबरायचे, तिथं मला घरी आल्यासारखं वाटतं.

प्रश्न आला आणि कळला नाही तर काय, याचीही आम्ही तयारी केली. नुसतं 'काय?' म्हणायचं नाही. जेवढं कळलं तेवढं परत द्यायचं आणि न कळलेला भाग मागायचा. 'मला बरोबर कळलं असेल तर तुम्हाला हे जाणून घ्यायचंय की...' असं म्हणून वाक्य पुढं न्यायचं. यात तीन फायदे होतात. मला विचार करायला वेळ मिळतो, मागच्या रांगेतल्या कमी ऐकू येणाऱ्यांना प्रश्न कळतो, आणि विचारणाऱ्याला आपलं ऐकलं गेल्याचं समाधान मिळतं. आणि उत्तर माहीत नसेल तर 'डास वाइस इश लाइडर निश्ट', हे मला दुर्दैवानं माहीत नाही, एवढं सरळ म्हणायचं. हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा म्हणून ठेवलं, कारण ऐन वेळी खोटं बोलायचा मोह तिथंच होतो.

22 तारखेला संध्याकाळी सातला सभागृहात पस्तीसेक माणसं होती. बहुतेक साठीच्या पुढची. पहिल्या रांगेत दोघीजणी वही उघडून बसल्या होत्या.

सुरुवातीलाच मी सांगून टाकलं, शब्द कळला नाही तर लगेच विचारा, बाकीचं सगळं शेवटी. न कळलेल्यासाठी जर्मनमध्ये वेगळा शब्दच आहे, फेरश्टेंडनिसफ्रागं, समजून घेण्यापुरता प्रश्न. त्याची परवानगी आधी दिली ते किती बरं झालं हे दहाव्या मिनिटाला कळलं.

मी 2016 चा उन्हाळा सांगत होते. मांजरा धरण आटलेलं, नळ महिन्यामहिन्यानं बंद होत गेले, मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी होऊन भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली. मी तेव्हा कॉलेजात होते. 'आणि मग गल्लीत टँकर यायचा', असं मी म्हटलं. जर्मन शब्दकोशातही 'टांकर' आहे, म्हणून मी तो न बिचकता वापरला. वही उघडलेल्या दोघींपैकी एकीनं तर्जनी वर केली. इथं शाळेपासून असंच एक बोट वर करायची पद्धत आहे. "माफ करा, टँकर? जहाज? लातूर समुद्रावर आहे का?"

जर्मनमध्ये टांकर म्हणजे तेलवाहू जहाज. रस्त्यावर चालतो तो टांकवागेन. ही माणसं माझ्या दुष्काळात जहाज बघायला लागली होती. त्या बाईंनी विचारलं नसतं तर पुढची पस्तीस मिनिटं बघत राहिली असती. मी पडद्यावर नकाशा दाखवला, समुद्र कुठं आणि लातूर कुठं, मधे सह्याद्री कसा उभा आहे, आणि आमच्या भागात पाऊस कमी का पडतो. हा भाग माझ्या भाषणात नव्हताच. तो असायला हवा होता.

मग जलदूत एक्सप्रेस. मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन पहिली गाडी 11 एप्रिल 2016 ला निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडीमार्गे दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. अंतर 340 किलोमीटरच्या आसपास, 10 वाघिणी म्हणजे टाकीचे डबे, साधारण 5 लाख लिटर. वाघिणी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेनं धुऊन आणल्या होत्या. पुढं 50 वाघिणींची गाडी यायला लागली, एका खेपेला 25 लाख लिटर. हे आकडे मी बोर्डावर लिहिले, कारण जर्मन कानाला लाख कळत नाही, 25 लाख म्हणजे अडीच मिलियन असं करून द्यावं लागतं.

भाषण संपलं. पडद्यावर शेवटचं पान आभाराचं ठेवलं नव्हतं. बाईंनी सांगितलं होतं, आभाराचं पान दिसलं की लोक कोट शोधायला लागतात. मिरज ते लातूर हा रेल्वेचा नकाशा तसाच ठेवला. टाळ्या थांबल्यावर मी म्हटलं, "आपल्याकडे आता अर्धा तास आहे. तुमचे प्रश्न कोणते? हवं तर गाडीपासून सुरुवात करू."

आणि थांबले.

एक, दोन, तीन. कोणीतरी खोकलं. चार, पाच. संयोजिकाबाई खुर्चीच्या काठावर आल्या, त्या मला वाचवायला उठणार असं वाटलं. सहा, सात. बाई चौथ्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, त्या घड्याळाकडे बघत होत्या. आठव्या सेकंदाला मागून आवाज आला.

"डर्फ ई एब्बेस फ्रोगा?"

ही इथली श्वेबिश बोली. पुस्तकी जर्मनमधलं 'डार्फ इश एट्वास फ्रागेन', मी काही विचारू का. कोकणातल्या माणसानं मालवणीत विचारावं तितकंच सहज. आजोबांचा प्रश्न होता, गाडी तर आली, पण स्टेशनापासून घरात पाणी कसं गेलं? मी प्रश्न परत म्हणून दाखवला आणि सांगितलं, स्टेशनाजवळच्या मोठ्या विहिरीत पाणी उतरवायचे, तिथून शुद्धीकरणाला आणि तिथून टांकवागेननं गल्लोगल्ली. पुढचं मी पाहिलेलं होतं, ते सांगायला शब्द शोधावे लागले नाहीत. गल्लीत निळ्या पिंपांची रांग, प्रत्येक पिंपावर रंगानं लिहिलेलं आडनाव, टँकरचा हिरवा पाइप पिंपात टाकायला धावणाऱ्या बाया, आणि पाइप एका पिंपातून दुसऱ्यात नेताना मधे सांडणारं पाणी हंड्यात झेलायला बसवलेली लहान पोरं. मी स्वतः आधी ते झेललंय.

एकदा पहिला प्रश्न आला की पुढचे आपोआप येतात, हे मात्र खरं. बोटं वर व्हायला लागली.

एका तरुण मुलीनं विचारलं, पाणी नाही तर तुमच्याकडे ऊस का लावतात? हा प्रश्न मला टोचला. काकांच्या शेतात ऊस आहे, त्यांच्या पोरांची शिक्षणं त्यावर झाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. मी आधी तिच्या बाजूचं सांगितलं. महाराष्ट्रात लागवडीच्या जमिनीपैकी 4 टक्क्यांच्या आसपास जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त वाटा तो घेतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मग काकांच्या बाजूचं. तूर विकायला गेलं तर भाव पडलेला असतो. उसाला सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, आणि घ्यायला कारखाना आहे. तिनं लगेच पुढचा ठेवला, म्हणजे तुरीला अशी हमी दिली तर काका ऊस सोडतील? मी म्हटलं, मला माहीत नाही, पण हे मी काकांना विचारेन. ते वाक्य म्हणताना मला अजिबात कमीपणा वाटला नाही.

मग पुन्हा तेच श्वेबिश आजोबा उठले. म्हणाले, हा प्रश्न नाही, आनमेर्कुंग आहे, म्हणजे नोंद, थोडं सांगायचंय. भाषणं ऐकलेल्यांना ठाऊक असेल, अशा वेळी सूत्रसंचालक अस्वस्थ होतात. मी म्हटलं, सांगा.

ते श्वेबिशे आल्बवरच्या एका खेड्यातले. आल्ब म्हणजे स्टुटगार्टच्या दक्षिणेला असलेलं चुनखडीचं पठार. पाऊस चांगला पडतो, पण दगडाला भेगा, पाणी थेट खाली उतरतं आणि वर विहीर लागत नाही. खेड्यांत पावसाचं पाणी साठवलेली तळी असायची, गुरं आणि माणसं त्याच पाण्यावर. उन्हाळ्यात ती आटली की खालच्या दरीतून बैलगाडीवर पिंपं भरून वर आणायची. 1871 मध्ये पहिल्यांदा युस्टिंगेन आणि शेजारच्या दोन गावांत पाणी वर चढलं. खाली टॉयरिंग्सहोफेनला पंपघर बांधलं, तिथल्या पाण्यावर चालणारे पंप ते पाणी सुमारे 200 मीटर वर ढकलायचे. त्याची कल्पना कार्ल एमान या अभियंत्याची. "माझी पणजी डोक्यावरून पाणी आणायची," आजोबा म्हणाले. "तुमच्या चित्रातल्या त्या बायकांसारखी."

मी पाणीपुरवठ्यात काम करते. स्टुटगार्टचं बरंचसं पाणी बोडेनझे सरोवरातून येतं, झिप्लिंगेनला 60 मीटर खोलीवरून उचलून तीनशे मीटरहून उंच डोंगरावर चढवतात आणि तिथून ते जवळजवळ 40 लाख लोकांना पुरतं, हे सगळं मला पाठ आहे. ज्या पाण्यावर मी राहते त्याच्या काही पिढ्या मागं बैलगाडीवरची पिंपं होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी व्यासपीठावरून खाली उतरून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांनाच प्रश्न विचारले, पिंपं केवढी असायची, गाडीला वर चढायला किती वेळ लागायचा, भांडणं व्हायची का. व्हायची, म्हणाले. अर्ध्या तासातली दहा मिनिटं तिथंच गेली, आणि कोणाला त्यात गैर वाटलं नाही. दोन-तीन म्हातारी माणसं आपापल्या गावांची तळी सांगायला लागली.

शेवटचा प्रश्न वही उघडलेल्या दुसऱ्या बाईंचा. "तुमच्या घरी किती माणसं होती आणि आठवड्याला किती लिटर मिळायचं?" माणसं पाच, हे सांगितलं. लिटर सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. रांग आठवत होती, पाइपाचा रंग आठवत होता, आकडा आठवत नव्हता. डास वाइस इश लाइडर निश्ट. विचारून कळवते, तुमचा पत्ता द्याल का? त्यांनी वहीचं पान फाडून दिलं.

घरी आले तेव्हा लातूरला रात्रीचे अडीच वाजले होते. सकाळी आईला फोन लावला.

"आई, टँकर यायचा तेव्हा आपल्याला किती पाणी मिळायचं गं?"

"आठ दिवसाला दोनशे लिटर. ते पण टँकर आला तर. तूच तर मोजत होतीस की बाई, गडव्यानं." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "कोण विचारत होतं?"

"इथल्या एक आजी."

"त्यांना सांग," आई म्हणाली, "धुणं-भांड्याचं पाणी झाडाला जायचं. अंगणातला कढीपत्ता त्याच्यावरच जगला. ते पण लिही."

तसं लिहिलं. पाच माणसं, आठ दिवस, 200 लिटर, म्हणजे माणशी रोज 5 लिटर, आणि कढीपत्ता. पत्राच्या शेवटी तुमच्या प्रश्नाचा आनंद झाला असं लिहिताना पेन क्षणभर थांबलं, आणि या वेळी मी यूबर लिहिलं. दहा दिवसांनी उत्तर आलं. त्यात आणखी दोन प्रश्न होते, एक गडवा म्हणजे काय, आणि दुसरा, कढीपत्ता अजून आहे का.